गेटवरचे हात आणि वॉर्डातली मतं

सर्व संबंधित आणि बहुसंख्य असंबंधित नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आग्रा रोडवरील एका पंपाच्या कारखान्याने लोकशाहीची फार मोठी सेवा केली. सरकारदरबारी तिची नोंद नाही. वर्तमानपत्रांनीही दखल घेतली नाही. सबब ती जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे, आणि मी ती आनंदाने, शक्य तिथे तिखटमीठ लावून पार पाडणार आहे.

मी त्या कारखान्यात टर्नर होतो आणि युनियनच्या कमिटीवर होतो. आमच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचा आवाज मोठा, पण आग्रा रोडवरच्या ट्रकांचा त्याहून मोठा. पाळी सुटली की गेटबाहेर स्टूल यायचं, भाऊ त्यावर चढायचे, भाषण करायचे आणि शेवटी म्हणायचे, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा!" पुढच्या चार रांगांना भाषण ऐकू यायचं. मागच्यांना फक्त पुढचे हात दिसायचे, ते बघून त्यांचेही वर जायचे. एका हातात डबा, दुसरा आकाशात. युनियनच्या आयुष्यात एकही ठराव नामंजूर झाला नव्हता. त्या हातांच्या जंगलाकडे बघून भाऊंच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते मी नंतर फक्त नवरदेवांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

त्या वर्षी आमचा पगाराचा करार संपून बरेच महिने झाले होते आणि नवा काही होत नव्हता. बोलणी करायला कंपनीकडून पर्सोनेल ऑफिसर बसायचे. बारीक, गोड, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. आम्ही टेबलावर मूठ आपटली की ते आपटलेल्या जागेकडे काळजीने बघायचे आणि म्हणायचे, "बघू या ना."

अशात महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि भाऊंनी कारखान्याच्या वॉर्डातून अपक्ष अर्ज भरला. पर्सोनेल ऑफिसर प्रसन्न हसले. "वा! मग करारावर आता निवडणुकीनंतरच बसू. तुमची ताकद तरी कळेल आम्हाला."

म्हणजे भाऊ जिंकले तर करार, पडले तर पुन्हा 'बघू या'. सगळ्यांची पगारवाढ त्या एका वॉर्डात अडकली. भाऊंना काडीची चिंता नव्हती. त्यांनी गेट मीटिंग घेतली आणि विचारलं, "मला निवडून आणणार असाल तर हात वर करा!"

हातांचं जंगल!

"झालं," भाऊ स्टुलावरून उतरत म्हणाले, "निवडणूक संपली."

चिन्ह मिळालं शिडी. आम्ही मेंटेनन्समधून खरी शिडी आणली, तिला हार घातला आणि पाळी सुटल्यावर चाळीचाळींतून मिरवू लागलो. एकदम झकास प्रतिसाद! लोक दारातून हाका मारू लागले. एका घरात आम्ही पंखा पुसून दिला, दुसऱ्या घरात माळ्यावरची पिंपं खाली काढली. एका आजोबांनी तर आमच्याकडून गणपतीच्या देखाव्याचे खिळे आधीच ठोकून घेतले. मत मागायला तोंड उघडलं की नवीन काम निघायचं.

मग एका चाळीत नळावर एक मालवणी काकू भेटल्या. आमच्यातला एक वेल्डर छाती फुगवून म्हणाला, "काकू, शिडीवर शिक्का. भाऊ म्हणजे आमचा वाघ."

काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू रवतंस खंय रे?"

"कळव्याला."

"आणि ह्यो?"

"डोंबिवलीला."

"मगे तुमच्या वाघाक थंयच उभो करा मरे! हय आमच्या नळाक पाणी येना नाय. जुन्या नगरसेवकान निदान नळ तरी घातल्यान. तुमचो वाघ काय पाणी सोडतलो?"

शिडी खाली ठेवून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी इराण्याकडे कमिटी बसली आणि मी एकेकाला पत्ता विचारायला सुरुवात केली. कळवा, डोंबिवली, कल्याण, ठाणे. मी स्वतः घाटकोपरचा. रोज एकाच गेटातून आत जाऊन जाऊन आम्हाला असं वाटायला लागलं होतं की आपण सगळे गेटाजवळच राहतो.

"भाऊ," मी विचारलं, "निदान तुमचं मत?"

भाऊंनी ब्रून मस्का चहात बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. "भांडुप," ते म्हणाले.

उमेदवाराचं स्वतःचं मतसुद्धा वॉर्डात नव्हतं!

"पण हात तर सगळ्यांनी वर केले होते रे!"

वेल्डर हळूच बोलला, "भाऊ, तुम्ही म्हणालात वर करा, म्हणून केले."

पण माघारीची मुदत टळली होती आणि आम्ही माघार घेणाऱ्यातले नव्हतो. उरलेले सगळे दिवस शिडी फिरवली. स्टेशनजवळच्या एका सोसायटीत बेल वाजवली तर दार कोणी उघडावं? खुद्द पर्सोनेल ऑफिसर, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात! कारखान्यातला वॉर्डात राहणारा हा एकच माणूस, आणि तो नेमका समोरच्या बाजूचा. त्यांनी आम्हाला बसवलं, त्यांच्या आईने पोहे दिले, आम्ही त्यांचाही पंखा पुसला. मत मात्र मागितलं नाही. तेवढी लाज आम्हालाही होती.

भाऊ पडले. साधे नाही, डिपॉझिटसकट पडले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर स्टूल आलं. भाऊ त्यावर चढले, पण रोजचे भाऊ ते नव्हतेच. पहिल्या रांगेत उभं राहून मला जेमतेम ऐकू येत होतं.

"मित्रांनो, माझ्यामुळे तुमचा करार अडकला. वॉर्डात माझी किंमत कळली. आता साहेब लोक माझं कशाला ऐकतील? तेव्हा मी राजीनामा द्यावा असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी हात वर करा."

आणि काय सांगू! सवय ती सवय. सगळेच्या सगळे हात सटासट वर! डबेवाले हात, बिनडब्याचे हात, माझा स्वतःचा हात. भाऊ पांढरेफटक पडले. पहिल्या रांगेतून एकच बोंब उठली, "अरे खाली! खाली घ्या रे! वाट लावाल!" पण मागच्यांना ते कुठलं ऐकू जातंय? एक लांबलचक ट्रक चालला होता. त्यांनी उलट दुसराही हात वर केला आणि घोषणा सुरू केल्या, "कोण म्हणतो देणार नाही! घेतल्याशिवाय राहणार नाही!"

आता जरा मान वर करा. पहिल्या मजल्यावर केबिनची काच आहे आणि काचेमागे आमचे जनरल मॅनेजर उभे आहेत. त्यांना ऐकू काहीच येत नाही. त्यांना दिसतंय ते एवढंच की काल पडलेला पुढारी स्टुलावर उभा आहे आणि अख्खा कारखाना दोन्ही हात वर करून ओरडतोय. पंपांची मोठी ऑर्डर अर्धवट शेडमध्ये पडलेली. असं दृश्य बघून माणसाच्या मनात एकच शब्द येतो, आणि तो 'राजीनामा' नाही. संप!

शिपाई धावत खाली आला. "कमिटीला वर बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

मी भाऊंच्या कानात म्हटलं, "भाऊ, तोंडातून अक्षर काढू नका." त्यांनी माझं ऐकलं. अख्ख्या बैठकीत ते फक्त खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मी सांगतो, इतकं भेदक भाषण त्यांनी स्टुलावरूनही कधी केलं नव्हतं. जनरल मॅनेजर एकेक कलम वाचायचे, भाऊंकडे बघायचे आणि स्वतःच आकडा वाढवायचे. अंधार पडायच्या आत करारावर सह्या झाल्या. महिनोन् महिने रखडलेला करार!

चहा आला. बिस्किटंसुद्धा आली, म्हणजे तह पक्का. भाऊंचा आवाज परत आला आणि त्याबरोबर रुबाबही. खुर्चीत रेलून ते जनरल मॅनेजरना म्हणाले, "साहेब, बघा, या कारखान्यातून मला एकही मत पडलं नाही, तरी माझी ताकद तुम्ही मानलीत."

पर्सोनेल ऑफिसर कोपऱ्यात बसून इतका वेळ दातओठ खात होते. 'बघू या'चा त्यांचा जन्मभराचा डाव एका बैठकीत उधळला होता. कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला, आणि साक्षात आपल्या साहेबांच्या देखत ते ओरडले,

"एकही नाही कसं? माझ्या घरची सगळी मतं शिडीलाच पडलीत, आईचंसुद्धा! म्हटलं एकदाचे निवडून जा आणि रोज तिकडे महापालिकेत जाऊन भांडा!"