आत्याच्या हातचं समुद्राचं पाणी

माघ वद्य द्वितीया, शके १७८६. ठिकाण वेंगुर्ल्याचा समुद्रकिनारा. वेळ सकाळची, ऊन चांगलं वर आलेलं. हजर माणसं अशी: मी, माझं कुटुंब, माझी आत्या यमुनाबाई (वय साठीच्या पुढे) आणि आमचे यजमान धोंडूशेट, तिथले नारळ-सुपारीचे व्यापारी. आणखी कोणी नव्हतं. कोळ्यांच्या होड्या होत्या, पण लांब.

हे आधीच लिहून टाकलं, कारण पुढचं वाचून लोक पहिला प्रश्न हाच विचारतात – "कोण होतं? कोणी पाहिलं?" तर चौघांनी पाहिलं, आणि चौघांनी चाखलं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. आम्ही वलगावचे माळी, भाजीचा मळा आहे. पण माझं मुख्य काम कापसाच्या गाड्यांचा बंदोबस्त. अमरावतीच्या बाजारातून कोणाचा माल कोणत्या गाडीत, कोणत्या गाडीला कोणता बैल, वाटेत चारापाणी कुठे, हे सगळं मी पाहतो. असं काम करणाऱ्याला भुताखेतांसाठी सवड नसते. गावात कोणाला झपाटलं म्हणून बोलावणं आलं तर मी आधी विचारतो, काल रात्री काय खाल्लं होतं? बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

तर आत्या. बापाची बहीण. खारपाण पट्ट्यातल्या एका गावी दिली होती. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं की तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी दाणा दाणाच राहतो. पुढे विधवा होऊन माहेरी परत आली आणि माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. घरात शेवटचा शब्द तिचा. बाजारात तिच्याशी वांग्यांचा भाव करायला पुरुषमाणूस कचरतो.

गेल्या दिवाळीनंतर या आत्याला सगळं खारट लागायला लागलं. वरण, दूध, गूळ – सगळं. विहिरीचं पाणीसुद्धा. पहिले काही दिवस ती सुनेवर, म्हणजे माझ्या कुटुंबावर, ओरडली, "अवं, मिठाचं पोतं उलथलं का तुह्या हातानं?" मग सूनबाईने मीठच टाकणं बंद केलं... तरी खारट. आम्ही अळणी खाऊन कंटाळलो आणि आत्या खारटाने. एक-दोन घासांवर तिला उमासे यायचे. पौष लागला तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अकोल्याच्या वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अन्न पोटात गेलं नाही तर होळी काही ही बाई पाहत नाही."

औषध त्यांनी एकच सांगितलं – समुद्रस्नान. खाऱ्याला खारं.

माझा त्यावरही विश्वास नव्हता. शिवाय माघ म्हणजे ऐन हंगाम! अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेला आमचाच कापूस लागत होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या, आणि अशा वेळी गाड्यांचा माणूस समुद्र पाहायला निघाला म्हणून बाजारात लोक हसले. पण आत्याला मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "चाल ना बाप्पा. आपला कापूस ज्या पाण्यावरून जाते, ते तरी पाहून घेतो. मंग मेली तरी चालते." मी त्याच दिवशी सामान बांधायला घेतलं.

धोंडूशेट दरवर्षी सुपारी घेऊन अमरावतीला येत. आमच्या मळ्यात उतरत. त्यांचं निमंत्रण जुनंच होतं. बैलगाडी, मग रूळ जिथवर आले होते तिथून रेल्वे, मग मुंबईहून पतेमारी. पतेमारी म्हणजे शिडाचं मोठं गलबत. त्यात मी आणि कुटुंब दोघं आडवे. आत्या मात्र काठाला टेकून मजेत बसलेली. "पोटात काही असन तं निंगन ना!" ती म्हणाली.

वेंगुर्ल्याला उतरलो तर डोळ्यांना विश्रांतीच नाही. आमच्याकडे माघात शिवार काळं आणि पांढरं. इथे सगळं हिरवं, त्यात लाल माती. धोंडूशेटनी दारातच शहाळं फोडलं.

"आत्यानू, ह्या पाणी पिवन् बघा. साखर आसा साखर!"

आत्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे बी खारं."

धोंडूशेटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "माझ्या बागेतलो नारळ खारो? बापजन्मात कोणी म्हणूक नाय!" त्यांनी दुसरा फोडला, तिसरा फोडला. शेवटी मीच ते सगळे संपवले.

मग त्यांनी हट्टच धरला की समुद्र राहू द्या, आधी आमच्या रानातला झरा. दुसऱ्या दिवशी गाडी जोडून सावंतवाडीकडे निघालो. सावंतवाडीचा बाजार छोटा पण टुमदार; तिथे लाकडाची रंगवलेली फळं मिळतात, अगदी खऱ्यासारखी. आत्याने एक केळं घेतलं. "खाता तं येत नाही, पाह्यता तं येते," म्हणाली. दुकानदार हसला, सूनबाईने मात्र पदराने डोळे टिपले.

रात्री तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पुढे आंबोलीच्या पायथ्याचं रान. आमच्या मेळघाटात मी हिंडलो आहे, पण तिथे उन्हाळा जवळ आला की झाडं मोकळी होतात. इथे झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळं... दुपारी सावली इतकी की बैल बुजले. झरा खडकातून येतो. पाणी थंडगार, मला तरी अमृतासारखं लागलं. आत्याने ओंजळीने घेतलं, क्षणभर तोंडात धरलं आणि मान वळवून टाकून दिलं. परतताना गाडीत ती सूनबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. धोंडूशेट मला हळूच म्हणाले, "म्हातारेक घेवन् लवकर घरी जावा." मलाही तेच वाटत होतं. पण वैद्यांनी स्नान सांगितलं होतं, ते राहून जायला नको. सांगितलेलं काम पुरं करायचं, मग त्यात अर्थ असो नसो.

पाचवा दिवस तो माघ वद्य द्वितीयेचा.

किनाऱ्यावर गेलो तर पाणी खूप आत. अलीकडे रुंद, कोरडी वाळू – थेट आमच्या पूर्णेच्या पात्रासारखी. आमच्याकडे पूर्णेच्या वाळूत सामान ठेवून माणूस गावाला जाऊन आला तरी ते जागचं हलत नाही. मी त्याच हिशेबाने कोरड्या कपड्यांचं गाठोडं पाण्याजवळ ठेवलं, त्यावर लोटे ओळीने मांडले, शेजारी आत्याला बसवलं, आणि सूनबाईबरोबर जागा पाहायला पुढे गेलो. धोंडूशेट मागे नारळीखाली विडी ओढत होते. त्यांना वाटलं, एवढं तर या माणसाला कळत असेल.

कळत नव्हतं. नदी पुढे जाते. समुद्र मागे येतो!

"गाठोडा! अरे गाठोडा!" धोंडूशेट ओरडत आले. वळून पाहतो तो धोतरं पाण्यावर पसरलेली आणि आत्याचा तांब्याचा लोटा लाटेबरोबर आत निघालेला. तो लोटा तिच्या आईचा. जिला आम्ही दोघांनी धरून आणलं होतं ती बाई उठली, पदर खोचला आणि पाण्यात धावली. "अय! माह्या मायचा लोटा हाये तो! कुठं नेऊन राह्यला?" – हे समुद्राला! लोटा तिने धरला, आणि तेवढ्यात पुढची लाट तिच्या तोंडावरच फुटली.

मी पोचलो तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. घाबरलेली नाही. जीभ ओठांवरून फिरवत होती.

"माधवा," ती म्हणाली, "हे तं गोड हाये रे."

मला वाटलं, संपलं. डोकंही गेलं. तिने लोटा बुडवला आणि गटागटा प्यायली. मी हात धरायला गेलो तर फटकन हातावर चापट बसली. "पिऊ दे! किती दिवसानं पाणी भेटलं."

धोंडूशेट म्हणाले, "समुद्राचा पाणी गोडा? म्हातारी खुळावली रे!"

"तू पी ना मंग शहाण्या," आत्याने लोटा पुढे केला. "तुह्या नारळापेक्षा बरं हाये."

त्यांनी घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग खाली वाळूतच बसले आणि लोटा माझ्याकडे दिला. मी प्यायलो, माझ्यामागून सूनबाई प्यायली.

गोडं पाणी. साखरेसारखं नव्हे – आपल्या चांगल्या विहिरीचं असतं तसं.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी काय केलं ते सांगतो. त्याच जागी मी माझा लोटा बुडवला: खारं, घशाला चरका बसेल असं. सूनबाईने भरला: खारं. धोंडूशेटनी भरला: खारं. आत्याने माझाच लोटा घेऊन भरला: गोडं. मी म्हटलं, लोट्यात काही नाही, मग वाळूखाली झरा असेल. तिला हात धरून लांब नेलं, पार खडकांपर्यंत. तिथेही तेच. धोंडूशेट जन्मभर त्या किनाऱ्यावर वाढलेले. त्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की इथे झरा नाही, खाडी नाही. मग त्यांना पाठमोरं उभं करून दोन लोटे अदलाबदल करून दिले. दर वेळी त्यांनी आत्याचा बरोबर ओळखला. ओळखायचं काय, दुसरा ते थुंकतच होते.

"झाली का तुही परीक्षा?" आत्या म्हणाली. "का आता समुद्राले तागडीत घालतं? मले भूक लागून राह्यली."

हे शब्द आम्ही दिवाळीनंतर ऐकले नव्हते.

धोंडूशेटनी घरून घागर आणली, आत्याने ती भरून दिली, मी खांद्यावर घेतली. मनात अजून एक शंका होती. जीभ फसू शकते, चौघांचीही फसू शकते. पण डाळ फसत नाही. खाऱ्या पाण्यात ती शिजत नाही, हे खारपाणात नांदलेल्या बाईच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. घरून आणलेली तुरीची डाळ धोंडूशेटच्या चुलीवर त्याच पाण्यात टाकली आणि मी समोर पाट घेऊन बसलो. कोणाला हलू दिलं नाही.

डाळ शिजली. लोण्यासारखी.

सूनबाईने हळद टाकली, फोडणी दिली, भातावर वाढलं. आत्याने घास कालवला, तोंडात टाकला, चावला... आणि भुवया चढवल्या.

"अवं सूनबाई!" ती कडाडली. "अळणी हाये ना वं! मीठ काय माहेरी ठेवून आली?"

सूनबाई मीठ आणायला उठली ती दारातच बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. इतके दिवस मीठ न टाकायची सवय झालेली! धोंडूशेट स्वतः मिठाची वाटी घेऊन धावले. समुद्राच्या पाण्यातल्या वरणात आत्याने वरून मीठ घेतलं आणि ताट पुसून जेवली. मग शहाळं मागितलं. "आता बरं हाये तुहं नारळ," म्हणाली. धोंडूशेट त्या दिवसभर कोणी काही न विचारता सगळ्यांना हेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत किनाऱ्यावर गेलो, गाठोडं या वेळी झाडाला बांधून. आत्याने लोटा भरला, तोंडाला लावला आणि "थू! थू!" करत पाच हात मागे आली. "हे कसं पेलं होतं म्या?" मी चाखलं. खारं, इतरांसारखंच. त्यानंतर राहिलो तेवढे दिवस रोज पाहिलं. समुद्र तो समुद्रच.

आत्याने होळी पाहिली. पुरणपोळ्या स्वतः लाटल्या आणि माझ्या कुटुंबाला पुरण कसं वाटायचं ते नव्याने शिकवलं – शिव्यांसकट. अकोल्याच्या वैद्यांना मी सगळी हकीगत सांगितली. त्यांना आनंद झाला, स्नानाचं मात्र त्यांनी सगळं श्रेय घेतलं. पाण्याचं विचारलं तर म्हणाले, समुद्रात असं होत नसतं. मीही तेच म्हणतो. इथे कोणी जाणकार वाचक असेल आणि त्याच्याजवळ उत्तर असेल तर मला हवं आहे, माझ्याजवळ नाही.

एवढंच, की त्या सकाळच्या घागरीतलं थोडं पाणी सूनबाईने निघताना एका बाटलीत भरून, बूच मेणाने बंद करून आणलं होतं. मला वलगावला आल्यावर सांगितलं. बाटली भिंतीतल्या देवळीत आहे. ते पाणी अजून गोडं आहे, की आत्याच्या जिभेबरोबर तेही पालटलं, हे पाहायला एक थेंब पुरेल.

"चाख ना येकदाचं," आत्या जाता-येता म्हणते. "काहून भेतं?"

भीत नाही. उद्या गाड्या निघायच्या आहेत, त्या एकदा मार्गी लागल्या की पाहतो, असं मी तिला सांगतो. गाड्या निघून जातात. मेण अजून तसंच आहे.