पारोशी साडी

पालेगावात कमळाकर भोईरच्या शेताला तीन बाजूंनी इमारतींनी वेढलं आहे. उरलेल्या तुकड्यावर त्याचं घर आणि मागे पत्र्याची शेड. परदेशी जाणारी कुत्री विमानात चढण्याआधी काही आठवडे इथे राहतात आणि पिंजऱ्यात शांत बसायला शिकतात.

कमळाकर पूर्वी विमानतळावर कार्गोत माल चढवायचा. पिंजऱ्याची जाळी चावून तोंड रक्तबंबाळ करून घेतलेलं एक कुत्रं त्याने तिथे उतरवलं होतं. गुंगीचं औषध दिलेला प्राणी विमान कंपन्या घेत नाहीत. त्यामुळे जनावराला पिंजरा आपला वाटला पाहिजे, एवढाच उपाय उरतो. पिंजऱ्याचं दार काढून ठेवायचं, आत मालकाच्या अंगावरचं कापड पसरायचं आणि थांबायचं, ही त्याची पद्धत. तो कुत्र्याला आत ढकलत नाही. फार लाडही करत नाही, कारण कुत्र्याचा जीव त्याच्यावरच जडला तर सगळी मेहनत वाया.

शिरगावच्या कुंदा देवधरांचा कुत्रा, ढब्बू, त्याच्याकडे आला, तेव्हा घाई होती. यजमान गेल्यावर मुलगा उन्मेष त्यांना टोरांटोला बोलावत होता. ढब्बू येणार असेल तरच मी येईन, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. फ्लॅट विकला होता, महिनाअखेर ताबा द्यायचा होता. आणि ढब्बू पिंजऱ्यात पाऊल टाकायला तयार नव्हता.

कुंदाताईंनी पाठवलेली साडी धुतलेली आणि इस्त्री केलेली होती, वर डांबरगोळ्यांचा वास. ढब्बू ती हुंगून बाजूला झाला. कमळाकरने फोन करून वापरातली साडी मागितली. वापरातली आली, तीही धुऊनच. नेमकं काय हवंय ते बाईमाणसाला कसं सांगायचं, हे त्याला सुचेना. त्याने फोन बायकोकडे, काशीकडे दिला.

"वहिनी, त्याला साबनाचा वास नको," काशी म्हणाली. "तुमचा पायजे."

पलीकडून कुंदाताई म्हणाल्या, "अहो, पारोसं कापड दुसऱ्याच्या घरी कसं पाठवायचं?"

"पाठवू नका. नेसून या."

त्या आल्या. कालचीच साडी आजही अंगावर होती. आयुष्यात असं पहिल्यांदाच केलं, हे त्यांनी रिक्षातून उतरताच सांगून टाकलं. ढब्बूला त्या दिसू नयेत म्हणून कमळाकर त्याला घेऊन मागच्या बांधावर गेला होता. कुंदाताईंनी काशीच्या खोलीत काशीचीच एक साडी नेसली. स्वतःची काशीच्या हातात द्यायला त्या तयार होईनात. शेडमध्ये जाऊन त्यांनी ती स्वतः पिंजऱ्यात ठेवली, चार पदरी घडी घालून.

"चादर घालताव काय पावन्यांना?" काशी म्हणाली आणि वाकून तिने घडी विस्कटली.

दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीमागे उभ्या राहिल्या. कमळाकरने ढब्बूला आणून साखळी सोडली आणि तोही आत आला. ढब्बू पिंजऱ्यापाशी थांबला. त्याने मान आत घातली, बाहेर काढली, अंगणाकडे पाहिलं. मग आत शिरला, स्वतःभोवती दोनदा फिरला आणि नाक साडीत खुपसून आडवा झाला.

कुंदाताईंनी खिडकीचा गज धरला. त्यांच्या ओठांवर नाव आलेलं कमळाकरला दिसलं.

"हाक मारू नका, वहिनी. तो बाहेर येईल."

त्यांनी हाक मारली नाही. ढब्बूचे डोळे मिटेपर्यंत त्या बघत राहिल्या. कमळाकरने विमानाच्या एजंटला फोन लावून ढब्बूचं गुरुवारचं बुकिंग कायम ठेवायला सांगितलं. तो बोलत होता तेव्हा रिक्षा कुठे मिळेल, असं कुंदाताईंनी, ढब्बूला आपला आवाज जाऊ नये म्हणून, काशीच्या कानाशी जाऊन विचारलं.