ठिपक्यांमागचा शब्द

बालगृहातली मुलं तिला खटखट मावशी म्हणतात. ऑफिसच्या खिडकीखाली खेळताना त्यांना तिचा चेहरा दिसत नाही, बोटांचा आवाज तेवढा ऐकू येतो. आवाज थांबला की एखादं पोरगं हमखास ओरडतं, "मावशी, झोपलीस काय गं?"

त्या दिवशी सकाळी तो आवाज सुरूच झाला नाही.

मावशीनं संगणक लावला, सवयीप्रमाणे कळफलकाला हात टेकवून कपाळाला लावला आणि मनात म्हटलं, देवा, अक्षर चुकू देऊ नकोस. मग छोट्या भुणभुणचा अहवाल उघडायला गेली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. तिनं नेहमीची बटणं दाबली, नेहमीसारखे काळे ठिपके उमटले. खाली लाल ओळ आली: पासवर्ड चुकीचा आहे.

घाईत बोट घसरलं असेल, म्हणून तिनं पुन्हा दाबली. पुन्हा तीच लाल ओळ. दुसऱ्या मुलाची फाइल उघडून पाहिली, मग तिसऱ्याची. सगळ्यांनी दारं लावून घेतली होती.

काल निघताना संगणक बंद करायला घेतला तर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं काहीतरी गोल गोल फिरत होतं. मावशीची बस जायची वेळ झाली होती. फिरू दे म्हणाली आणि पडदा तसाच ठेवून गेली. अहवाल पूर्ण होता. डॉक्टरांचा दाखला संध्याकाळी उशिरा आला, त्यातला मजकूर तिनं शेवटच्या पानावर घातला होता. सकाळी ताजी प्रत काढायची, बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंची सही घ्यायची आणि समोरच्या चौकापलीकडच्या न्यायालयात पोचवायची, एवढंच राहिलं होतं.

आणि आज भुणभुणची तारीख होती.

ही पोरगी बालगृहात आली तेव्हा तोंडातून आवाज काढत नसे. भूक लागली तरी नाही, पडली तरी नाही. तिच्या पहिल्या अहवालात मावशीनंच टाइप केलं होतं, "सदर बालिका रडत नाही." ते वाक्य टाइप करताना तिची बोटं अडखळली होती. पुढे एक शिंपी आणि त्याची बायको तिला दत्तक घ्यायला पुढे आले आणि न्यायालयानं निकाल लागेपर्यंत तिला त्यांच्या घरी ठेवायची परवानगी दिली. तिथं शिलाई मशीनशेजारी बसून बसून पोरगी मशीनच्या सुरात गुणगुणायला लागली. आता थांबतच नाही. म्हणून भुणभुण.

मागच्या तारखेला मात्र न्यायाधीशबाईंनी बजावलं होतं, "पुढच्या वेळी घरभेटींचा अहवाल माझ्यापुढं नसेल, तर परवानगी संपली. मुलगी परत बालगृहात जाईल." आधीच दोनदा मुदत मागून झाली होती. एकदा डॉक्टर रजेवर होते, एकदा मोठ्या बाई आजारी.

मावशीनं धावत जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं.

"उघडत नाही म्हणजे?" मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या तरी त्या टेबलापेक्षा फार वर दिसत नाहीत. चण एवढीशी, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. सगळं बालगृह त्यांना पाठीमागं लवंगी म्हणतं. "दुसरी प्रत?"

"जुन्या प्रतीही पासवर्डच्या कुलपातच आहेत, बाई. मुलांची माहिती बाहेर जायला नको म्हणून तुम्हीच..."

"मीच सांगितलं होतं, ठाऊक आहे मला. बोलवा त्याला."

तो म्हणजे संगणक दुरुस्त करणारा. काहीही बिघडलं तरी आधी "रीस्टार्ट करा" म्हणतो, म्हणून त्याचं नाव रीस्टार्टभाऊ पडलंय. चष्मा कपाळावर चढवून तो आला, आणि त्याच्याच मागोमाग शिंप्याची बायको भुणभुणला कडेवर घेऊन आली. शिंपी वकिलांबरोबर न्यायालयात थांबला होता. कागद मिळाला की इकडून सगळ्यांनी एकदमच निघायचं ठरलं होतं. बाईच्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. झाकण नसल्यामुळे आतले लहान लहान फ्रॉक दिसत होते, घडी घातलेले. मावशीनं पिशवीकडं पाहिलं. पोरगी इथंच ठेवावी लागली तर, अशी मनाची तयारी करून बाई आली होती.

"रीस्टार्ट केलंत?" भाऊनं विचारलं.

"केलं. दोनदा केलं."

"बघू, मी करतो."

"तुम्ही केल्यानं ते काय लाजून उघडणार आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढचं बोला."

रीस्टार्ट तरीही झालं. मग भाऊनं फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. पेन ड्राइव्हवर घेऊन मोठ्या बाईंच्या मशीनवर लावली, तिथंही लाल ओळ. "अपडेट मागं घेता येईल," तो मान खाजवत म्हणाला, "पण त्यात दुपार उलटेल."

"दुपारपर्यंत न्यायाधीशबाई थांबतील का?"

कोपऱ्यातल्या बाकावर शिंप्याची बायको पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. भुणभुण तिच्या मांडीवर बसून गुणगुणत होती, तिला कशाचंच काही नव्हतं.

"एक सांगतो," भाऊ चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणाला. "फाइल खराब दिसत नाही. खराब असती तर पासवर्डसुद्धा मागितला नसता. ती फक्त म्हणतेय की शब्द चुकला. ताई, शब्द सांगा, मी घालून बघतो. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, सगळं करून बघतो."

"मीच घालते ना."

"तुम्ही किती वेळा घातलात? मला सांगा."

मावशीची मान खाली गेली. त्या शब्दाची गोष्ट जुनी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा नव्या घरी निघाला, त्याला निरोप द्यायला ती फाटकापर्यंत गेली, रडत परत आली आणि त्याच डोळ्यांनी दुसऱ्या मुलाचा अहवाल टाइप केला. जन्मसाल चुकलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कागद फाडला. "रडायचं तर घरी रडा. इथं तुमचं एक अक्षर चुकलं तर पोराचं घर चुकतं." त्याच दुपारी हुकूम निघाला, सगळ्या फायलींना पासवर्ड घाला. मावशी अर्धवट अहवाल पुढ्यात घेऊन बसली होती, कान तापलेले. रागाच्या भरात जो शब्द मनात आला तो बोटांनी दाबला. पुढं राग गेला. बाईंचं म्हणणं खरं होतं हेही पटलं, आणि त्यानंतर ती कधी कुणाला निरोप द्यायला फाटकाशी गेली नाही. शब्द मात्र तसाच राहिला. रोज सकाळी देवाचं नाव घ्यायचं आणि मग तो शब्द दाबायचा. कधी कधी तिला स्वतःचीच लाज वाटायची.

"अहो, सांगा की!" मोठ्या बाई कडाडल्या. "पोरीचं घर चाललंय आणि तुम्ही लाजताय कसल्या?"

"लवंगी," मावशी म्हणाली.

खोलीत नुसतं गुणगुणणं तेवढं उरलं. भाऊ एकाएकी माउसची वायर तपासायला लागला. मावशीला वाटलं, जमिनीनं आत घ्यावं.

मोठ्या बाईंची पापणीसुद्धा हलली नाही.

"स्पेलिंग?" त्या म्हणाल्या.

"एल, ए, व्ही, ए, एन, जी, आय."

भाऊनं घातलं. लाल ओळ. मोठ्या अक्षरात घातलं. लाल ओळ. शेवटी डबल ई लावून पाहिलं, मधला जी काढून पाहिला. मावशीच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. ज्या शब्दासाठी मान खाली घातली, तो शब्दही कामाला आला नाही.

"सोडा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मावशीशेजारी बसल्या. आवाज आता उतरला होता. "नवीन लिहू. घरभेटी मी केल्यात, आठवतं ते सांगते. दोन पानं झाली तरी दोन पानं. निदान हात हलवत जायला नको."

"बाई, अकरा पानांचा आहे तो. तारखा, वजनं, डॉक्टरांचं..."

"घ्या म्हणते ना. सदर बालिका..."

मावशीनं कोरं पान उघडलं. डोळे पुसले आणि मोठ्या बाईंकडं बघतच बोटं चालवली. टायपिंगच्या क्लासमध्ये बाई हातांवर रुमाल टाकून शिकवायच्या, तेव्हापासून तिची नजर बटणांवर नसते. पुढं संगणक आला, अक्षरांच्या जागा बदलल्या, तेव्हा तिनं बोटांना पुन्हा पहिलीत बसवलं. पण रुमाल काही मनातून गेला नाही.

"हे काय लिहिलंत?" मोठ्या बाई पडद्याकडं बघत म्हणाल्या.

'सदर'च्या जागी एम, ओ, जे उमटलं होतं.

"अगंबाई, इंग्रजी कुठून आलं?" मावशी वैतागली. "माझं मशीन सुरू होतं तेच मराठीत. आता हेही बिघडलं का?"

भाऊचा हात हवेतच थांबला. "थांबा, ताई. नेहमी मराठीतच सुरू व्हायचं?"

"पहिल्यापासून. दुसरं काही टाइप करते का मी इथं?"

"मग पासवर्ड घालताना इंग्रजी करायचात?"

"इंग्रजी कशाला करू? तेवढ्यापुरतं खाली बघते, बटणांवर अक्षरं आहेत की. एल दाबायचा, ए दाबायचा. दिसतात तर नुसते ठिपके."

भाऊ खुर्चीवरून पुढं सरकला. त्यानं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषा बदलून मराठी केली. "आता या कोऱ्या पानावर दाबा. रोज दाबता तस्संच."

मावशीनं दाबलं. पानावर अक्षरं आली: तोनोलुग.

"हे कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हाच तुमचा पासवर्ड," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मशीन मराठीत असलं की एलच्या बटणातून त निघतो. इतकी वर्षं ताई लवंगी दाबत होत्या आणि मशीन तोनोलुग ऐकत होतं. अपडेटनं रात्रीत भाषा इंग्रजी करून टाकली, म्हणून आज पहिल्यांदा त्याला खरंच लवंगी ऐकू आलं. आणि त्याला ती ओळखीची नाही."

"घाला," मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशीनं चौकट उघडली. देवा, असं म्हणाली आणि पुढचं काही सुचलं नाही. सात ठिपके उमटले. तिनं डोळे मिटून घेतले.

"उघडलं!" भाऊ ओरडला.

पुढं पानं दिसत होती, तारखांसकट, वजनांसकट. तिसऱ्या घरभेटीतलं वाक्य मावशीच्या नजरेला पडलं: शिलाई मशीन सुरू झाले की बालिका त्याच्या सुरात गुणगुणते. तिनं छापायचं बटण दाबलं. प्रिंटर एकेक पान असं सावकाश बाहेर सोडत होता की मोठ्या बाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, जणू दटावल्यानं तो पळणार होता. शेवटचं पान गरम असतानाच त्यांनी सही ठोकली.

"चला गं," त्या शिंप्याच्या बायकोला म्हणाल्या. "पोरीला नीट धर. मी पळणार आहे."

आणि ती एवढीशी बाई खरंच पळाली. मागून शिंप्याची बायको, तिच्या खांद्यावर उड्या मारणारी भुणभुण, आणि कुणी बोलावलं नसताना भाऊसुद्धा.

खोली एकदम रिकामी झाली. बाकावर कापडी पिशवी तशीच राहिली होती. मावशीनं ती उचलून मांडीवर घेतली. काम पुढं न्यायला हवं होतं, पण हात चालेना. कागद वेळेत पोचला का? न्यायाधीशबाई उठून तर गेल्या नाहीत? एक फ्रॉक घडी मोडून बाहेर आला होता, तो तिनं पुन्हा घातला. काठावर शिंप्याच्या हातची बारीक टीप होती. पोर वाढलं की उसवून लांब करता यावा म्हणून आत भरपूर कापड सोडलेलं. जो माणूस पुढच्या दोन वर्षांचं कापड आत दुमडून ठेवतो, त्याच्या घरून देव पोर कसं नेईल, असं तिच्या मनात आलं. पण न्यायालयात कागद लागतो, हेही तिला ठाऊक होतं.

खिडकीखालून कुणीतरी ओरडलं, "मावशी, झोपलीस काय गं?"

ती फोनकडं बघत राहिली.

फोन वाजला तेव्हा तिनं घाईत रिसीव्हर उलटाच धरला, मग सरळ केला. "हॅलो? कोण बोलतंय?"

"लवंगी."

मावशी खुर्चीतून उठून उभी राहिली.

"ऐकताय का? झालं. हुकूम निघाला. पोरगी त्यांची." बाईंना धाप लागली होती. मागं माणसांचा गलका होता आणि त्या गलक्यातून एक बारीक, न थांबणारं गुणगुणणं येत होतं. "ती पिशवी राहिली ना तिकडं? फाटकाशी घेऊन या. आम्ही येतोय. आणि आज निरोप द्यायला थांबायचंय तुम्ही, कळलं? रडलात तरी चालेल."