दोन हजारांची सूट

कवळीवाल्याने दिवाळं काढलं आणि कुणीही त्याच्या कानाखाली वाजवली नाही, हेच त्याचं खरं दुखणं होतं.

हसू नका. कर्जात बुडालेला माणूस सुटला की त्याचा जीव भांड्यात पडावा, अशीच आपली समजूत असते. याचाही पडला, नाही असं नाही. पण वर्ष उलटलं तरी हा गडी आरशासमोर उभा राहून दाढी करताना स्वतःच्या डोळ्यांत बघायचं टाळायचा. हनुवटीपुरता आरसा बघायचा.

तर कवळीवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि ते माप याच्याकडे येतं. हा त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी शिजवून घ्यायचा आणि मग घास घास घासायचा. सव्वीस वर्षं हेच. निम्मं गाव याच्या दातांनी खायचं आणि गावाला याचं तोंडही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या मागच्या दाराने येणारा आणि मागच्या दाराने जाणारा माणूस.

मग त्याला बुद्धी सुचली. दुर्बुद्धीच म्हणा. संगणकावर चालणारं मोठं यंत्र आलं होतं, दिवसाला वीस कवळ्या कोरणारं. कर्ज काढून यंत्र आणलं, यंत्रासाठी रस्त्यावरचा गाळा घेतला आणि नेमकं त्याच साली त्याला काम देणाऱ्या दोन बड्या दवाखान्यांनी आपापली यंत्रं बसवली. झालं कल्याण! पहिल्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी कार्ड, एका कार्डासाठी दुसरं कार्ड. फोन वाजला की त्याची बायको हातातलं काम टाकून दाराला कडी लावायची. त्याला जेवण जाईना, बसल्या जागी हात थरथरायला लागले. ज्याचे हात थरथरतात त्याने कवळ्या काय करायच्या, डोंबल!

शेवटी बायकोच त्याला हाताला धरून वकीलबाईंकडे घेऊन गेली. वकीलबाई म्हणाल्या, "नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करा. कायदा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. फक्त ज्यांचं ज्यांचं देणं आहे ते सगळे यादीत हवेत आणि प्रत्येकाचा कागद हवा. कुणाला वगळायचं नाही."

बँकेचे कागद होते. कार्डांचे होते. यंत्राच्या कंपनीने तर कागदांचा गठ्ठाच पाठवला होता. कागद नव्हता तो एकाच माणसाचा. प्लास्टरकाकांचा.

प्लास्टरकाकांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. आत सगळं पांढरं. गोण्या पांढऱ्या, फळ्या पांढऱ्या, काकांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या, त्यात वयाचं किती आणि प्लास्टरचं किती हे देव जाणे. कवळीवाला पहिल्यांदा त्यांच्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात गोणीचे पैसे नव्हते. काका म्हणाले होते, "ने रे. तू कुठे पळून जाणार आहेस?" तेव्हापासून हा माल न्यायचा आणि जमेल तसे द्यायचा. काका वहीत लिहायचे, तेही आठवण झाली तर.

तो दुकानात गेला आणि म्हणाला, "काका, माझ्याकडे एकूण किती निघतात, ते जरा सही करून लिहून द्याल का?"

एवढंच म्हणाला. का हवं ते बोलला नाही. बोलणार होता, हे तो स्वतःला पुढे शंभर वेळा सांगणार होता. पण काकांचा चेहराच असा काही खुलला, की याची जीभ टाळ्याला चिकटली.

"अरे वा! म्हणजे निस्तरलं म्हणायचं तुझं सगळं," काका म्हणाले. चष्मा शोधला, वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. बेचाळीस हजार निघाले. मग काका थोडा वेळ पेन हातात धरून बसले आणि म्हणाले, "चाळीसच लिहितो. एकरकमी देतोयस, दोन हजार सूट तुला. वाईट दिवसांतून आलायस, मुलीला काहीतरी घे."

आता, आता तरी बोलायला हवं होतं की नाही? दातखीळ बसली मेल्याची. त्याने कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. वर काकांनी दिलेला चहाही प्याला. दुकानातून निघताना काका म्हणाले, "सावकाश दे रे, घाई नाही," आणि हा मान हलवून बाहेर पडला.

वकीलबाईंनी कागद बघितला आणि यादीत लिहिलं, चाळीस हजार. काकांचे सूट दिलेले दोन हजार त्याआधीच गेले होते. उरलेले कोर्टाने बुडवायचे होते.

कोर्टात जायच्या आदल्या दिवशी त्याने उत्तरं पाठ केली. यंत्र का घेतलं? गाळा का घेतला? लोकांच्या तोंडाला पानं पुसताना काही वाटलं नाही का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं, पण तो विचारला जाणार याची खात्री होती. इस्त्रीचा शर्ट घातला, मान खाली घालून उभं राहायची तयारी केली.

टेबलामागच्या साहेबाने तोंडही वर केलं नाही. पत्ता हाच का? हो. घर भाड्याचं? हो. दागिने? नाहीत. हत्यारं किती किमतीची? ती ठेवता येतील. घेणेकऱ्यांपैकी कुणी आलंय का? बँकेकडून एक मुलगी आली होती, तिने सही केली आणि ती फोनवर बोलत निघून गेली. प्लास्टरकाका आले नव्हते. त्यांना टपालाने कळवल्याची पावती फाइलीत होती. सगळं मिळून वीस मिनिटं. पुढे काही महिन्यांनी एक पत्र आलं, की आता तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही.

"संपलं?" त्याने वकीलबाईंना विचारलं.

"संपलं. आता कामाला लागा," त्या म्हणाल्या.

त्याचा मेहुणा घरी येऊन म्हणाला, "लय सोपं काम की दाजी! आम्हालाही शिकवा." बायको उसळली. "सोपं? वर्षभर दाराला कडी लावून बसलो होतो आम्ही, तेव्हा कुठे होतास? कायदा नसता तर हा माणूस आज दिसला नसता." तिचं खोटं नव्हतं. हात थरथरायचे थांबले होते. मुलीचं कॉलेज चालू राहिलं. यंत्र कंपनीने उचलून नेलं, गाळा गेला आणि राहत्या घराच्या मागच्या खोलीत जुनं टेबल, जुनी मोटर मांडून तो पुन्हा कवळ्या करायला लागला. बँकेचं त्याला कधी काही वाटलं नाही. बँकेने व्याज लावताना कुठे माणुसकी दाखवली होती? यंत्राच्या कंपनीचं तर नावही काढू नका.

पण प्लास्टरची नवी गोणी आणायची वेळ आली, की तो दुसऱ्या टोकाच्या बाजारात जायचा. दोन बस बदलून.

पाचेक महिन्यांनी काकांचं दुकान बंद झालं. गुडघे गेले होते म्हणे. मुलगा दूर नोकरीला, बसणार कोण? लोक असंच सांगत होते आणि ते खरंही असेल. हा मात्र मनातल्या मनात चाळीस हजारांच्या किती गोण्या होतात ते मोजत बसायचा.

त्यात अजून एक कळलं, त्याने तर पार वाट लागली. बाजारात कुणीतरी त्याला लबाड म्हणालं, तर काका त्याच्याशी भांडले होते. "त्याचा इरादा साफ होता," काका म्हणाले होते. "द्यायचे म्हणून स्वतः हिशोब मागायला आला होता माझ्याकडे. मध्येच वकिलांनी गाठला बिचाऱ्याला."

बिचारा! त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि एक दिवस त्याला अजून काम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माप पाठवलं. वरची आणि खालची, पूर्ण कवळी. चिठ्ठीवरचं नाव त्याने दोनदा वाचलं. फोन केला, तर बाई म्हणाल्या, "हो, तेच, तुमचे प्लास्टरवाले. मी विचारलं, कुणाकडून करून घेऊ? तर तुमचंच नाव घेतलं त्यांनी. स्वस्तातली करा म्हणालेत."

स्वस्तातली? छे! त्याने सगळ्यात भारीतले दात मागवले. आठ दिवस तो त्या एका कवळीवर बसला. समोरचे दात अगदी सरळ लावले तर म्हातारा माणूस बाहुल्यासारखा दिसतो, म्हणून एक दात केसभर तिरका लावला, काकांचा पूर्वी होता तसा. हसताना दिसायचा तो, याच्या पक्का ध्यानात होता. आणि बाईंना सांगून टाकलं, "कवळीचे पैसे लावू नका. तुमची फी तेवढी घ्या." त्याला वाटलं, चला, काहीतरी फिटेल.

पण काका कसले ऐकताहेत! कवळी बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी काठी टेकत टेकत ते याच्या घरी हजर. बायकोने खुर्ची दिली. काका टेबलाकडे, मोटरकडे, कोपऱ्यातल्या गोणीकडे बघत बसले. गोणी दुसऱ्या दुकानाची होती.

"बिल दे," काका म्हणाले.

"काका, नको. तुमच्याकडून काय घ्यायचं..."

"फुकट? मी काय झोळी घेऊन आलोय का रे? किती झाले, बोल."

खूप ओढाताण झाली. शेवटी त्याने नऊ हजार सांगितले, खरे बरेच जास्त होते. काका हसले. तो तिरका दात दिसला. "एकरकमी देतोय हं," काका म्हणाले, "मी तेव्हा तुला दोन सोडले होते. तू निदान एक तरी सोड."

थट्टाच होती ती, साधी, प्रेमाची. काकांनी आठ हजार मोजून टेबलावर ठेवले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. नशीब तुझं फिरलं, तू नाही फिरलास. द्यायला निघाला होतास, ते मला माहीत आहे ना? मग झालं."

दारात उभी असलेली बायको त्याच्याकडे एकटक बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिने हळूच मान हलवली, गप्प राहा म्हणून. गप्प राहिला असता तर चाललंही असतं. कोर्टाने सोडला होता, काकांनी सोडला होता, राहिलं होतं कोण?

"काका," तो म्हणाला, "तो कागद मी कोर्टासाठीच मागितला होता. मी द्यायला निघालो नव्हतो. तुम्ही सूट दिली तेव्हा मला माहीत होतं, की तुम्हाला यातलं काही मिळणार नाहीये. आणि मी चहा प्यालो."

काकांचा हात खांद्यावर तसाच होता. मग तो त्यांनी काढून घेतला. घाईने नाही, सावकाश. बराच वेळ ते टेबलावरच्या नोटांकडे बघत होते. याला वाटलं, आता बोलतील. आता काठी उचलतील. उचलावी असं त्याला इतकं मनापासून वाटत होतं, की त्याने मान पुढे केली होती.

काकांनी खिशात हात घातला. हजार काढले आणि आठ हजारांवर ठेवले.

"मग पूर्ण घे," ते म्हणाले. "सूट नको."

काठी टेकत ते निघून गेले. बायको त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. परत येऊन ती त्याला म्हणाली, "समाधान झालं?" आणि मग त्याचा चेहरा बघून तिलाच रडू आलं.

नवी कवळी पहिल्या आठवड्यात कुठे ना कुठे टोचतेच. कितीही जीव ओतून करा. प्रत्येक माणूस एकदा तरी डॉक्टरांकडे परत जातो, ते त्या जागी खूण करून कवळी याच्याकडे पाठवतात, हा दोन मिनिटं घासतो, की झालं काम. इतक्या वर्षांत परत न आलेली कवळी त्याने पाहिलेली नाही. ते नऊ हजार त्याने एका पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलेत, काका आले की त्यांच्या हातात द्यायचे आणि बुडवलेले बाकीचे महिन्याच्या महिन्याला द्यायचे, असं ठरवून.

एक आठवडा गेला, दोन गेले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांच्याकडेही काका फिरकले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "नसेल टोचत. इतकी छान केलीत."

"टोचतेय," तो म्हणाला आणि दाराकडे बघत बसला.