तजुर्बा

माय आठवली की आधी ओल्या लोकरीचा वास येतो आणि मग दुपार येते. सकाळी किंवा संध्याकाळी ती मला आठवतच नाही. जालन्याला मस्तगडात आमची भाड्याची खोली होती. तिच्या उंबऱ्यात उन्हाचा एक पट्टा पडायचा आणि त्यात पाय सोडून माय बसलेली असते. डोळे अर्धे मिटलेले, हात मात्र चालू, मांडीवरच्या लोकरीतले काटे वेचणारे. ते सगळे दिवस मला असेच पेंगुळल्यासारखे आठवतात. खरं काय घडलं आणि नंतर मी मनात काय रंगवलं, हे आता वेगळं काढता येत नाही. एक शब्द मात्र लख्ख आठवतो, कारण सगळा घोळ त्यानंच घातला.

माय आष्टीकडची. आम्ही धनगर. वडील गेल्यावर कळप भावानं सांभाळला, पण हुकूम मायचाच चालायचा. मी सातवीपर्यंत शिकले. निजामाच्या राज्यात शाळा म्हणजे उर्दू, त्यामुळे मेंढरांमागे फिरलेली पोरगी अलिफ-बे गिरवून जालन्यात एका जिनिंगच्या कारकुनाच्या घरी पडली. 'पडली' हा मायचा शब्द. चार भिंतींतला संसार तिला कोंडवाडाच वाटायचा. तीच माय एक दिवस भावाच्या बैलगाडीतून माझ्या दारात उतरली, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून पदराआड हात नेत म्हणाली, "हितं काहीतरी झालंय. दुखत न्हाई, म्हून बोलले न्हाई."

दुखत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या बायकांचा मला अजून राग येतो. छातीत लिंबाएवढी गाठ होती. दुखली असती तर बरं झालं असतं.

आमचा मुलूख तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण लोकांच्या तोंडातून हैदराबाद काही गेलं नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टरही हैदराबादेत शिकलेले, उंच, मऊ आवाजाचे. अर्धं मराठी आणि अर्धं दख्खनी बोलायचे, आणि दोन्ही अदबीनं. त्यांनी कॅन्सर हा शब्द लपवला नाही. ऑपरेशन करून गाठ आणि तिच्यासोबत छातीची ती बाजूच काढून टाकली. माय शुद्धीवर आली, हातानं चाचपून पाहिलं आणि मला म्हणाली, "आता कोकरू उराशी धरलं तर त्याला हाड टोचल." मी बाहेर जाऊन रडले. ती रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

जखम भरत आली तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. खिडकीबाहेर कडुनिंब होता आणि त्याची सावली त्यांच्या पांढऱ्या कोटावर हलत होती, एवढं आठवतं. ते म्हणाले, "देखो अम्मा, गाठ तर काढली. पण तिचं बी अंगात कुठं राहिलं असेल तर आज ते दिसत नाही. एक नवी सुई आली आहे. इस दवा का तजुर्बा कर रहे हैं. तुमची मर्जी असेल तर तुम्हालाही त्यात घेऊ."

मायनं मान हलवली. "तजुर्बा हाय म्हन्ल्यावर इचारायचं काय? घ्या." आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर उमटवला. मीही मान हलवली. डॉक्टर खूश, माय खूश. येताना टांग्यात ती मला सांगत होती, की तजुर्ब्याचा माणूस बोलण्यावरूनच कळतो, वैद्य असावा तर असा.

शेजारी एक मारवाडी भाभी राहायची. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेलं व्यापारी घराणं, त्यामुळे तिला शब्दसुद्धा पारखून घ्यायची सवय. मायनं तिला सगळी हकिकत ऐकवली. भाभीनं ऐकून घेतली आणि लाटणं हातात तसंच धरून विचारलं, "अम्मा, तजुर्बा है बोले, का तजुर्बा कर रहे बोले?"

"त्यात काय फरक हाय?" माय म्हणाली.

फरक मला तेव्हा कळला. उर्दूत तजुर्बा म्हणजे अनुभव, हे आमच्याकडं शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक. पण तजुर्बा 'करणं' म्हणजे करून पाहणं, आजमावणं. जुना अनुभव आणि नवी आजमाइश, दोन्हीला शब्द एकच. डॉक्टर म्हणाले होते की हे औषध आम्ही अजून करून बघतोय. मायनं ऐकलं होतं की आमचा ह्यात हात बसलेला आहे. मी शाळेत शिकलेली असून मीही तेच ऐकलं होतं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

मायला सांगितलं. ती बराच वेळ लोकर वेचत राहिली. मग म्हणाली, "म्हन्जे मला मेंढरू केलं म्हन."

दुसऱ्या दिवशी मायला घेऊन मी दवाखान्यात भांडायलाच गेले. आवाज चढवला. डॉक्टरांनी पुरतं ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझं भांडण अर्ध्यात राहिलं. त्यांनी तो अंगठ्याचा कागद काढला आणि मायच्या समोर फाडला. "अम्मा, समजून दिलेला अंगठाच बराबर. हा मला चालत नाही. मी पुन्हा सांगतो. नाही म्हणालात तरी तुमचा इलाज थांबणार नाही." त्या काळात पेशंटला विचारायची रीत नव्हती. डॉक्टरनं सांगायचं आणि आपण तोंड उघडायचं. हा माणूस स्टूल ओढून मायपेक्षा खाली बसला.

त्यांनी सांगितलं ते मला असं आठवतं. सुई नवी आहे. तिनं गाठ परत येणं थांबेल अशी आशा आहे, खात्री नाही. सुईनं मळमळतं, ताप येतो, रक्त कमी पडतं, क्वचित जिवावरही बेततं. ऑपरेशन झालेल्या बायकांचे दोन गट करायचे. ऑपरेशन, मलमपट्टी, तपासणी दोन्हीकडं सारखी. सुई मात्र एकाच गटाला. मग सगळ्यांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, म्हणजे कळेल की सुईनं काही फरक पडतो का. कुणी कुठल्या गटात जायचं हे डॉक्टर ठरवत नाहीत. हैदराबादेहून बंद पाकिटं येतात, फोडून जे निघेल ते. आणि कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं.

"तुमी काहून निवडत न्हाई?" मायनं विचारलं. "डाक्टर तुमी हाव ना."

"मी निवडलं तर नकळत तगड्या बायकांनाच सुई देईन. मग त्या वाचल्या तर औषध चांगलं, की बाईच तगडी? कसं कळणार?"

माय पहिल्यांदा हसली. "मेंढराचा दवावाला असंच करून राह्यलाय. तगडं बघून पाजतो आन गावभर सांगत फिरतो." मग तिचा चेहरा पुन्हा बंद झाला. "म्हन्जे सुई मला मिळल का न्हाई, ठावं न्हाई. मिळाली तर गुन येईल का, तेबी ठावं न्हाई."

"नाही."

"मंग तुमाला ठावं काय हाय?"

"गाठ काढली, हे ठावं आहे. परत येईल की नाही, ते कुणालाच ठावं नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

"सांगते," म्हणून माय उठली.

वाटेत मी तिला सांगितलं की ह्या भानगडीत पडायचं नाही. लगेच पुढं म्हणाले की सुई चांगली असेल तर आपण हैदराबादला जाऊन विकत घेऊ, पाकिटाच्या भरवशावर कशाला राहायचं? दोन्ही एका दमात बोलले. मला माय हवी होती, बाकी कशाचा मेळ मला घालायचा नव्हता. माय म्हणाली, "मला कळपाकडं ने."

भावाचा कळप तेव्हा कुंडलिका नदीच्या पलीकडं एका वावरात बसवलेला होता. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. आम्ही पोचलो तेव्हा कातरणी चालू होती. उन्हात लोकरीचे पुंजके तरंगत होते, खाली यायला त्यांना कसलीच घाई नव्हती. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. माय त्यांच्यात जाऊन बसली आणि मला ती दिसेनाशी झाली. नुसतं लुगडं दिसत होतं, आणि मध्येच तेही नाही. मला वाटलं, आता ही ह्यांच्यातच विरघळून जाईल आणि मी रिकाम्या हातानं परत जाईन. मी मेंढरं बाजूला सारत तिच्याजवळ गेले.

"तुहा बाप आठवला," ती म्हणाली. "एक साल रोग पडल्ता. कुनी म्हने दुधनेकाठचं गवत बाधतं, कुनी म्हने माळावरचं. त्यानं फाट्यावर कळप सोडून देला. डावीकडं गेलं ते नदीला, उजवीकडं गेलं ते माळाला. आन ह्यो डोक्यावरून घोंगडं घेऊन बसला. मी म्हन्लं, बघत काहून न्हाई? तर म्हने, माहं मन माळाकडं हाय, बघितलं तर आवडीची मेंढरं हात आपसूक तिकडंच हाकल. मंग खरं कळायचं न्हाई."

"मग?"

"नदीकडची लई गेली. मंग कळलं." तिनं एका मेंढीच्या कानामागं खाजवलं. "डाक्टरची पाकिटं म्हन्जे घोंगडंच हाय, दुसरं काय."

"माय, तू मेंढरू नाहीस."

"न्हाईच. मेंढरास्नी कुनी इचारलं न्हाई. मला इचारलं. आन अंगठा फाडून इचारलं."

तिनं पुन्हा अंगठा दिला. ह्या वेळी नीट टेकवून, सावकाश उचलला. डॉक्टरांनी आमच्यासमोर पाकीट फोडलं, वाचलं आणि म्हणाले, "सुई नाही."

सुई निघू नये म्हणून मी देवाला नवस बोलले होते. पण ते ऐकलं आणि वाटलं, असं कसं? नेमकी माझीच माय बिनसुईची का? मी डॉक्टरांना म्हणाले, दुसरं पाकीट फोडा. ते काही बोलायच्या आत माय म्हणाली, "गप. मी डावीकडं गेले. चल."

तेव्हापासून ती स्वतःला 'डावीकडची' म्हणवून घेऊ लागली. भाभीला वाटायचं कसलं तरी व्रत घेतलंय. तपासणीला बोलावलं की माय आष्टीहून यायची. मेंढरं दूर चरायला गेलेली असली तरी यायची, एकदा तर चिखलात गाडी रुतली तेव्हा पायी आली. मी कधी चिडून म्हणायचे, तुला काही औषध देत नाहीत, नुसतं वजन करतात आणि चाचपतात, त्यासाठी एवढी तंगडतोड कशाला? ती म्हणायची, "न्हाई गेलं तर त्याला वाटल मेंढरू हरवलं. हरवलेलं धरता येत न्हाई. ना मेल्यात, ना जित्यात." डॉक्टरांनी तिला हे सांगितलं होतं की तिचं तिलाच उमगलं होतं, मला माहीत नाही. पण तपासून झालं की ती त्यांना विचारायची, सुईवाल्या कशा हायत? घोंगड्याची गोष्ट तिनं त्यांना सांगितली होती, ते म्हणायचे, अम्मा, आता सांगितलं तर घोंगडं निघेल. दोघं हसायचे. ते हसणं ऐकायला मी दाराशी थांबायचे, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.

दोन-अडीच वर्षं ती चांगली राहिली. मग पाठ दुखायला लागली, आणि ह्या वेळी दुखतंय म्हणून तिनं लगेच सांगितलं. गाठीचं बी हाडात उतरलं होतं. डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. मी त्यांना विचारलं, सुई असती तर? ते म्हणाले, "बेटी, मला खरंच ठावं नाही. अजून सगळं कळायचं आहे." तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता असं अधूनमधून वाटतं.

शेवटचे दिवस ती माझ्याच खोलीत होती. ऊन दारात यायचं, तिच्या अंथरुणापर्यंत सरकायचं आणि परत जायचं. ती झोपेत मेंढरांना हाका घालायची, जागी झाली की मला विचारायची, सगळी आली का? मी म्हणायचे, आली. एका दुपारी पूर्ण शुद्धीत तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मी गेले की डाक्टरला जाऊन सांग. न्हाईतर बिचारा वाट बघत बसल."

सुतक फिटल्यावर मी गेले. तिच्या तपासणीचा वार नव्हता, तरी मला पाहून डॉक्टर उठून उभे राहिले. माझ्यामागं दाराकडं त्यांची नजर गेली, तिथं ती असायला हवी होती. मला नीट बोलायचं होतं, उर्दूत, शाळेत शिकले तसं. पण आलं ते मायच्याच बोलीत.

"हरवली न्हाई डाक्टरसाब," मी म्हणाले. "गेली."