रिकाम्या यादीतला सर्व्हर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. मांजर आडवं गेलं तर मी हॉर्न वाजवते आणि पुढे जाते. तरीही हे लिहितेय, कारण आठ महिने डोकं खाजवूनही मला उत्तर सापडलेलं नाही...

मी नाशिकला इंदिरानगरात राहते, एका कंपनीत नेटवर्कचं काम बघते आणि घरून एक यादी चालवते. व्हिडिओ कॉल लावताना आपल्या मोबाईलला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो. पंचवटीच्या गल्लीबोळात चुकलेल्या माणसाला 'तुम्ही अमक्या देवळामागे उभे आहात' असं कुणीतरी सांगावं लागतं, तसं मोबाईलला सांगणारे सर्व्हर लोकांनी जगभर फुकट ठेवलेत. त्यातले आज चालू कोणते, याची माझी यादी. रोज सकाळी सातला, चहा घेताना, मी एकेकाला हाक मारते. ओ दिली तो राहतो, नाही दिली तो जातो. कुठले कुठले ॲपवाले ही यादी डोळे झाकून वापरतात. नवरा म्हणतो, "लष्कराच्या भाकऱ्या!" असू देत. सहा वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही, आणि त्याचा मला गर्व आहे — अभिमान म्हणा हवं तर.

ही शिस्त सटाण्याच्या भामरे काकांची. वडिलांचे मित्र, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. नोकरीत असताना रोज सकाळी प्रत्येक लाईन तपासल्याशिवाय ते चहाला हात लावायचे नाहीत. माझ्या यादीतला पहिला सर्व्हर त्यांचाच, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवलेला. पावणेतीन वर्षांपूर्वी तो बंद पडला आणि मी नियमाप्रमाणे यादीतून काढला. वाईट वाटलं, पण काढला.

तर त्या दिवशी... आमच्या गल्लीत रस्ता खोदताना केबल तुटली आणि ब्रॉडबँड गेलं. सकाळ चुकवायची नाही म्हणून मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तपासणी चालवली. त्या नेटवर्कवरून माझ्या हाकाच बाहेर जात नव्हत्या, त्यामुळे सगळे सर्व्हर मेलेले दिसले. सगळेच्या सगळे एकदम मरतील कसे, एवढा साधा विचार मी करायला हवा होता. पण ऑफिसला उशीर होत होता. न बघता बटण दाबलं आणि जगासमोर रिकामी यादी गेली.

अकरा वाजता ऑफिसात कुणाचातरी मेल — 'तुमच्या यादीत काहीच नाही.' सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची नर्स याच यादीच्या जोरावर नाशिकच्या एका डॉक्टर मॅडमना व्हिडिओ कॉल लावते, हे मला माहीत होतं. आधी यादी दुरुस्त केली, मग लगेच मॅडमना फोन लावला.

"अगं, लागला ना कॉल. सव्वानऊला," मॅडम म्हणाल्या. "तासाभराचं बाळ निळं पडत होतं. सिस्टर दाखवत गेली, मी सांगत गेले. आता छान रडतंय. तुझी यादी नसती तर काय केलं असतं?"

सव्वानऊला तर माझी यादी रिकामी होती. मी त्यांच्या ॲपची नोंद मागवली. सव्वानऊला ॲपने माझी यादी उचलली होती आणि तिच्यात एकच पत्ता होता... भामरे काकांचा.

ॲपने जुनी यादी साठवून ठेवली असेल म्हणाल, तर ते ॲप गेल्या वर्षी बनलंय, काकांचा सर्व्हर त्याआधीच यादीतून गेला होता. माझ्याकडच्या नोंदीत त्या वेळची यादी रिकामी आहे. मी त्या पत्त्याला हाक मारून पाहिली. ओ नाही.

रविवारी तडक सटाणा गाठलं. काकांनी माळ्यावरून कॉम्प्युटर काढून दाखवला. वायर कापलेली, हार्ड डिस्क जावयाने कधीच नेलेली, आतल्या पोकळीत काकूंनी कांद्याच्या बियाण्याच्या पुड्या ठेवलेल्या. इंटरनेटही केव्हाच सोडलेलं.

"हाई तं बंद शे, पोरी. दोन वरीसपासून," काका त्यांच्या अहिराणीत म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "लाईन लागनी ना पण?"

"लागली, काका. बाळ वाचलं."

"मंग झायं." आणि म्हाताऱ्याची मान अशी ताठ झाली की काकू हसून म्हणाल्या, "आते गावभर सांगतीन हे."

मी म्हटलं, "काका, तुमचं नाव यादीत परत टाकू?"

"ओ देस का तो?"

"नाही."

"मंग नको टाकू. नियम शे ना."

नाही टाकलं. चूक माझी होती, ती मी यादीखाली सगळ्यांना दिसेल अशी लिहिली. ऑफिसातल्या हुशार मंडळींनी पाच-सहा कारणं सुचवली, एकही टिकलं नाही. पण त्या सकाळची नोंद कोरी ठेवणं मला पटेना. जे घडलं तेवढंच लिहिलं, आणि ते आजही तिथे आहे:

'चालू सर्व्हर — एक. ठिकाण — सटाणा. मालक — भामरे काका. मशीन — बंद.'