मापात बसवणाऱ्या वहिनी

आमच्या सबंध गल्लीला मी एकदा ऐन दुष्काळात पाण्यावाचून ठेवलं होतं, आणि तेही निव्वळ एका बाईवर जळून. आज नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. ज्यांच्यावर मी जळत होते त्या आमच्या समोरच्या वहिनी. देवानं जग बनवताना मापात गफलत केली आणि प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा मोठी करून ठेवली, अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि ती चूक दुरुस्त करायची जबाबदारी त्यांनी एकटीनं अंगावर घेतली होती.

मूळच्या देवगाव रंगारीच्या, बोलणं तुटक. चहा द्यायच्या तो अर्धा कप, लग्नाला जायच्या ते भाजीच्या पिशवीत सामान बसवून, आणि कुणाकडं सांत्वनाला गेल्या तर "लई वाईट झालं. जेवून घ्या," एवढं बोलून उठायच्या. पण त्यांची खरी कीर्ती फायलींची. शहराच्या टोकाला, गारखेड्याच्या पलीकडं आमची घरं पोचली होती, नळ पोचायचे होते. जो तो अर्ज ऑनलाइन, आणि दर अर्जाला अट एकच: फाईल ठरल्या मापाच्या आत हवी. लोकांच्या फायली मात्र बाळंतिणीच्या गादीसारख्या फुगलेल्या. मग मोबाईल घेऊन सगळे वहिनींच्या दारात. वहिनी चष्मा नाकावर ओढून झापायच्या, "चादरीवर ठिवून फोटू काढला व्हय? कागद पाठवायचाय का चादर? फुलं कापा आधी!" कडा कापायच्या, कोरी पानं काढून टाकायच्या, रंगीत कागद काळापांढरा करायच्या, आणि पाहता पाहता फाईल मापात. गल्लीच्या ग्रुपवर सकाळचा गुलाबसुद्धा त्या चिमुकला करून टाकायच्या. दुसऱ्याचं नेट कशाला खायचं, हे त्यांचं म्हणणं.

इथवर मी सोसलं. पण एक दिवस आमचे हे जेवताना म्हणाले, "वहिनींनी काय फाईल केलीय! फुंकर मारली तर उडून जाईल!" पुढ्यात येसरची आमटी होती, मी केलेली. लग्नापासून त्या आमटीबद्दल या माणसानं "मीठ बरोबर आहे" यापलीकडं शब्द काढला नव्हता. त्या दिवसापासून मी मुलाच्या कॉम्प्युटरवर चोरून फायली लहान करायला शिकू लागले. पन्नाशी उलटलेली बाई, आणि अक्कल शाळेच्या बाकावरची!

संधी लवकरच चालून आली. टँकरच्या फेऱ्या आखायच्या होत्या. त्यासाठी सगळ्या घरांच्या सह्या आणि घरपट्टीच्या पावत्या एका फाईलमध्ये पाठवायच्या होत्या, आणि वहिनी नेमक्या गावी गेलेल्या. "उद्या येतील, त्याच करतील," हे म्हणाले. म्हणजे संपलंच. "का? माझे हात मोडलेत का?" म्हणत मी बसले. एकदा बटण दाबलं, फाईल मापात बसली. शहाण्या बाईनं तिथं थांबावं. पण मला नुसतं बसवायचं नव्हतं, वहिनींना हरवायचं होतं. मी तीच फाईल पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. धुणं पिळावं तशी पिळली. शेवटी उरली ती इतकी इवलीशी, की वहिनींच्या एका फाईलच्या पोटात माझ्या कितीतरी मावल्या असत्या. अभिमानानं छाती फुगली, आणि उघडून न बघताच मी ती पाठवून दिली.

पलीकडच्या गल्लीत टँकर आला, आमच्या गल्लीत आला नाही. हे महापालिकेत चौकशीला गेले तर तिथल्या माणसानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "काका, ह्या सह्या हायेत का मुंग्या?" एक अक्षर लागत नव्हतं. पावत्यांचे राखाडी डाग झाले होते. गल्लीतले हंडे रिकामे, पिंपं रिकामी, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

वहिनी आल्या. माझी फाईल उघडली, जरा वेळ बघितली, मिटली. मला वाटलं, आता चारचौघांत सालटी निघणार. त्यांनी मूळ कागद मागवले, दुपारभर बसून सगळी फाईल नव्यानं केली, आणि पाठवायची वेळ आली तेव्हा खुर्ची माझ्याकडं सरकवली. "दाबा." बाहेर जाऊन लोकांना म्हणाल्या, "ह्या वहिनींनी पाठवली आता. येतंय पाणी." आणि आलं. गल्लीनं मला माफही करून टाकलं. त्या मोठेपणाचासुद्धा मला हेवा वाटला, काय सांगू!

आता त्या मुलाकडं असतात, पुण्याला. समोर भाडेकरू आहेत, नळालाही पाणी येतं, आणि नातू मोबाईलवरच फाईल लहान करून मोकळा होतो. टँकर आला त्या संध्याकाळी मात्र मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले होते. म्हटलं, "वहिनी, तुम्ही मला एका शब्दानं बोलला का नाहीत?" त्या कधी नव्हे ते लांबलचक बोलल्या:

"काय बोलू? तुमच्याकडं बाया उगीच येऊन बसत्यात. काय काम नसतंय, तरी बसत्यात. मी खिडकीतून बघते न् जळते. माझ्याकडं फायलीबिगर कोन येतंय? उद्या या की तुम्ही. मोकळ्या हातानं या."